मण्यांना बांधलेला धातू खरंच बांधलेला राहतो का?

विल्किन्सनचा उत्प्रेरक म्हणजे र्‍होडियमचं संकुल, म्हणजे धातूच्या अणूभोवती इतर रेणू जोडलेलं संयुग. ते बेंझीनमध्ये विरघळतं आणि नेहमीच्या तापमानाला, वातावरणाच्या दाबाखालीच अल्कीनला (दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनला) हायड्रोजन जोडतं. अडचण नंतरची: तयार झालेला पदार्थ आणि महागडं र्‍होडियम एकाच द्रावणात. १९७१ मध्ये रॉबर्ट ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्याने पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या मण्यांवर फॉस्फीन गट (धातूला धरणारे फॉस्फरसचे गट) बसवून त्यांना र्‍होडियम जोडलं. काम झालं की मणी गाळून घ्यायचे.

मात्र मणी म्हणजे नुसती खुंटी नव्हे. या मण्यांवर सायक्लोहेक्झीनची अभिक्रिया भरभर होई, मोठ्या कड्याच्या सायक्लोडोडेसीनची बरीच सावकाश. बहुतेक धातू मण्याच्या पोटात असतो आणि रेणूंना साखळ्यांच्या जाळ्यातून वाट काढावी लागते. जाळं किती उघडेल ते द्रावक ठरवतो. साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या १-२ टक्के डायव्हिनाइलबेंझीनने बांधलेले मणी टोल्यूइन, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरॅन) किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये काही पट फुगतात. मिथेनॉल आणि पाण्यात आक्रसून बसतात. मिथेनॉलमधली जुनी कृती तशीच मण्यांवर उतरवली की अभिक्रिया रखडते, आणि दोष विनाकारण धातूवर जातो.

मण्यांवर धातू बसवण्याचं तांब्याचं उदाहरण स्वस्त आणि सोपं. दर ग्रॅमला १ मिलिमोल अमाइन असलेले अमिनोमिथाइल पॉलिस्टायरीनचे १ ग्रॅम मणी तासभर डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात फुगवावेत. ३ मिलिमोल, म्हणजे ०.३७ ग्रॅम सॅलिसिलाल्डिहाइड घालून ६०-८० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवलं की इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा गट) तयार होऊन मणी पिवळे पडतात. ते धुऊन डीएमएफमधल्या ०.४ ग्रॅम कॉपर अॅसिटेटमध्ये गरम करावेत. रंग हिरवट होतो. चुंबकी ढवळणी वापरू नये, ती मणी भरडते आणि चुरा गाळणकागदातून निसटतो. भांडं हलवत ठेवणं उत्तम. शेवटी गाळून निघणारा द्रव रंगहीन होईपर्यंत गरम डीएमएफने, मग मिथेनॉलने धुऊन निर्वातात वाळवावं.

आता हिशोब. दोन लिगँड (धातूला धरणारे मण्यावरचे इमाइन गट) मिळून एक तांबं धरत असतील तर वजनाने सुमारे ३ टक्के तांबं मिळायला हवं. प्रत्येक लिगँडवर एकेक बसलं तर ५ टक्क्यांच्या आसपास. त्याहून जास्त आलं तर खूश होऊ नये. ते धुऊन न गेलेलं कॉपर अॅसिटेट असतं, आणि पहिल्याच फेरीत द्रावणात उतरतं.

‘उत्प्रेरक पाच वेळा वापरला, उत्पादन तेवढंच’ हा पुरावा लंगडा आहे. दोन तासांत संपणारी अभिक्रिया चोवीस तास चालवली तर निम्मा धातू गेला तरी कळत नाही. सुरुवातीचा वेग मोजावा. शिवाय अभिक्रिया ३०-४० टक्के झाली असताना मिश्रण गरम असतानाच गाळावं आणि निवळ द्रव त्याच तापमानाला पुढे चालू ठेवावा. तो पुढे सरकत राहिला, तर उत्प्रेरण द्रावणातला धातू करत होता. थंड करून गाळलं तर सुटलेला धातू मण्यांवर परत बसू शकतो आणि चाचणी फसवते. म्हणून गाळून निघालेल्या द्रवातल्या धातूचं प्रमाण आयसीपी या धातूंचे अंश मोजणाऱ्या यंत्रावर वेगळं तपासावंच.

जपानच्या चियोदा कंपनीची अॅसेटिका प्रक्रिया मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून अॅसेटिक आम्ल बनवते. तिथे धातू सहसंयुजी (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या) बंधाने डांबलेलाच नाही. व्हिनाइलपिरिडीन रेझिनमधल्या नायट्रोजनला मिथाइल आयोडाइडमुळे धनभार येतो आणि र्‍होडियमचं ऋणभारित संकुल त्याला चिकटतं. हा समतोल रेझिनच्या बाजूला झुकलेला असल्याने एका जागेवरून सुटलेला आयन दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो.