कॉर्डलेस यंत्रांच्या बॅटऱ्या आणि चार्जर : निवड

कॉर्डलेस ड्रिल, ग्राइंडर, करवत अशा हातयंत्रांना वीज पुरवणाऱ्या, काढून पुन्हा बसवता येणाऱ्या सेलच्या संचाला बॅटरी पॅक म्हणतात. नीट वापरलेली मोटर अनेक वर्षे टिकते. पॅक मात्र वापराने झिजतो आणि नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. एका कंपनीचा पॅक सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. त्यामुळे पहिली बॅटरी घेतली की पुढची बरीचशी खरेदी नकळत ठरून जाते.

ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणलेले कॉर्डलेस ड्रिल निकेल-कॅडमियम सेलवर चाले. हा सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे १८ व्होल्टसाठी असे १५ सेल लागत. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आले, पण जोरकस कामाच्या यंत्रांत ते रुळायला २००५ नंतरचा काळ यावा लागला. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने त्याच्या सेलवरील बंदीतून या यंत्रांना दिलेली सवलतही २०१६ च्या अखेरीस संपवली. आज नवे यंत्र घेणाऱ्याने निकेल-कॅडमियमचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

पॅकवरचे आकडे

लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. तोच पॅक चार्जरवरून नुकता काढलेला असताना मोजला तर २० ते २१ व्होल्ट भरतो. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांतला फरक एवढाच, म्हणजे छपाईचा. डिवॉल्ट कंपनी एकाच जातीची यंत्रे अमेरिकेत २० आणि युरोपात १८ व्होल्टची म्हणून विकते. ‘१२ व्होल्ट मॅक्स’ म्हणजेही तीन सेलचे १०.८ व्होल्टच.

दुसरा आकडा अँपिअर-तासांचा (एएच). व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, आणि पॅकमध्ये साठलेली खरी ऊर्जा हीच. १८ व्होल्ट, ५ एएच म्हणजे ९० वॉट-तास. दोन पॅकच्या किमतींची तुलना करायची तर किमतीला वॉट-तासांनी भागावे. वेगळ्या व्होल्टचे पॅक एका तराजूत तोलण्याचा याहून सोपा मार्ग नाही. विमानप्रवासातही हाच आकडा पाहतात: सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते.

मात्र एएच म्हणजे फक्त ‘किती वेळ चालेल’ असे समजणे अपुरे आहे. २ एएचच्या पॅकमध्ये सहसा पाच सेलची एकच ओळ असते, तर ४ ते ६ एएचच्या पॅकमध्ये बहुधा दोन ओळी असतात. ग्राइंडर ३० अँपिअर ओढू लागला की एका ओळीतल्या प्रत्येक सेलवर ते सगळे ३० येतात, दोन ओळी असल्या की प्रत्येकीवर १५. भार कमी म्हणून व्होल्टचा दाब कमी घसरतो, सेल कमी तापतात आणि तेच यंत्र जास्त जोर लावते. छोट्या पॅकवर करवत अडकते तेव्हा दोष बहुतेक वेळा करवतीचा नसतो. उलट डोक्यावर हात धरून स्क्रू पिळायचे असतील तर मोठा पॅक हे नुसते ओझे.

सेलचा आकारही पाहावा. १८६५० सेल १८ मिमी जाड व ६५ मिमी लांब असतो, २१७०० सेल २१ मिमी जाड व ७० मिमी लांब. मोठ्या सेलमध्ये ४ ते ५ एएच मावतात. १८६५० मध्ये मात्र साडेतीनच्या पुढे फारसे जात नाही, आणि जड प्रवाह देणारे सेल तर तीनच्या आसपासच थांबतात.

डुप्लिकेट पॅक

हीच मर्यादा खोटेपणा पकडायला उपयोगी पडते. नेहमीच्या दोन ओळींच्या आकाराचा, दहा १८६५० सेलचा पॅक ‘९ एएच’ म्हणून स्वस्तात मिळत असेल तर तो आकडा अशक्य आहे. वजनही बोलते. एक १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे दहा सेलच साडेचारशे ग्रॅमच्या घरात. वर डबी, पट्ट्या आणि सर्किट. पॅक हातात हलका लागला तर आत सेल कमी आहेत असे खुशाल समजावे. प्रत्येक पर्यायी पॅक वाईटच असतो असे नाही. पण बॅटरी अति उतरू न देणारे संरक्षण काही कंपन्या पॅकमध्ये ठेवतात, तर काही यंत्रात. दुसऱ्या कंपनीचा पॅक अडॅप्टर लावून वापरताना हे संरक्षण कधी कधी दोन्हीकडे नसते आणि चांगला पॅक एका दुपारीत खराब होतो.

चार्जर

यंत्रासोबत येणारा चार्जर बहुधा सावकाश असतो. ५ एएचचा पॅक २.५ अँपिअरच्या चार्जरवर दोन तासांहून अधिक घेतो, कारण शेवटच्या टप्प्यात प्रवाह हळूहळू कमी करावाच लागतो. पॅक कामावर तासभर पुरत असेल, तर असा एकच चार्जर दिवसभर मागेच पडत जातो, जास्तीच्या बॅटऱ्या घेतल्या तरी. तेच चार्जिंग पाऊण तासात होत असेल तर दोन पॅक आणि एक चार्जर आलटून पालटून दिवस काढतात. रोज काम करणाऱ्याला म्हणूनच तिसऱ्या पॅकपेक्षा वेगवान चार्जर बहुधा स्वस्त पडतो. महिन्यातून एकदा भिंतीला भोक पाडणाऱ्याला त्याचा काहीच फायदा नाही. २ एएचचा छोटा पॅक वेगवान चार्जरवर ठेवला तरी, पॅकला झेपेल एवढाच प्रवाह दिला जातो. दोन खाचांचा चार्जर घेताना तो दोन्ही पॅक एकदम भरतो की एकानंतर एक, हे विचारून घ्यावे.

खरेदी आणि साठवण

सुट्या बॅटरीपेक्षा यंत्र, दोन पॅक व चार्जर असा संच प्रति वॉट-तास अनेकदा स्वस्त मिळतो. त्यानंतरची यंत्रे बॅटरीविना घ्यावीत. कंपनी निवडताना आज हव्या असलेल्या ड्रिलपेक्षा, पुढे लागणारी यंत्रे त्याच पॅकवर मिळतात का हे पाहणे जास्त महत्त्वाचे. मेटाबो कंपनीच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅस’ या गटात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच १८ व्होल्ट पॅकवर चालतात.

सवलत आहे म्हणून पॅक साठवून ठेवणे तोट्याचे, कारण कपाटातही त्यांचे वय वाढतच असते. घेताना पॅकवर निर्मितीची तारीख असल्यास ती पाहावी. बराच काळ ठेवायचा पॅक निम्मा भरलेला असावा आणि जागा थंड, कोरडी असावी. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास सेलच्या आत लिथियम धातूचा थर साचतो आणि क्षमता कायमची घटते. काम संपल्यावर गरम पॅक लगेच चार्जरवर लावला तर अनेक चार्जर तो थंड होईपर्यंत थांबतात. तो बिघाड नव्हे. पूर्ण उतरलेला पॅक महिनोन्‌महिने तसाच राहिला तर दाब इतका खाली जातो की चार्जर तो स्वीकारतच नाही.