जुनी गिटार, पण ॲम्प कोणता?

"पिकअप बदलून द्या, जुन्या गिटारीसारखा आवाज येत नाही," असं म्हणत बरेच जण इलेक्ट्रिक गिटार आमच्या काउंटरवर ठेवतात. पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि कॉइलचा भाग. पिकअपची किंमत सांगण्याआधी आम्ही विचारतो, वाजवता कशावर? उत्तर बहुधा एकच असतं : घरातला छोटा प्रॅक्टिस ॲम्प, म्हणजे सरावाचा ॲम्प्लिफायर. तेव्हा आम्ही गिटार न उघडता आतल्या खोलीत नेतो आणि दुसऱ्या ॲम्पला जोडतो. पाचातल्या तिघांचं पिकअपचं काम तिथेच रद्द होतं. धंद्याच्या दृष्टीने हा तोटाच, पण तोच माणूस सहा महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन येत नाही.

आधी गिटारींबद्दल थोडं. फेंडरची टेलीकास्टर (हे नाव 1951चं) आणि 1954ची स्ट्रॅटोकास्टर यांत एकेरी कॉइलचे पिकअप असतात. आवाज स्वच्छ, टोकदार, आणि सोबत घूं अशी गुणगुण. ती गुणगुण म्हणजे बिघाड नव्हे. विजेची 50 हर्ट्झची लहर कॉइल पकडते; पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जवळ असेल तर आणखीच. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढला : उलट दिशेने वेढे दिलेल्या दोन कॉइल शेजारीशेजारी, चुंबकाची बाजूही उलट. गुणगुण एकमेकींत विरते, तारांचा आवाज मात्र जोडला जातो. हे हंबकर 1957पासून गिब्सनच्या लेस पॉल गिटारीवर बसू लागले. आवाज जाड, मधल्या पट्टीत भरलेला.

आता ॲम्प. आजोबांकडचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आठवतोय? लावला की अर्धा मिनिट गप्प, मग ऊब आल्यावर बोलायचा. जुने गिटार ॲम्प त्याच जातीचे. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की आवाज फाटतो, पण एकदम नाही, हळूहळू. जुना आवाज म्हणून लोक जे शोधत असतात, ते बहुतेक वेळा हे फाटणं असतं आणि ते गिटारीत नसतं.

आमच्या खोलीत आम्ही एकच स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर), एकच केबल आणि एकच जी कॉर्ड घेऊन फिरतो. पहिला फेंडर डिलक्स रिव्हर्ब : 6व्ही6च्या दोन व्हॉल्व्ह, 12 इंची एक स्पीकर, साधारण 22 वॅट. व्हॉल्यूम 3वर असताना आवाज काचेसारखा. 5च्या पुढे नेला की जोरात मारलेली तार किंचित खरखरते, हळू छेडलेली स्वच्छच राहते. आता गिटारीचा व्हॉल्यूम 10वरून 7वर आणा. खरखर गेली, कडा थोडी मऊ झाली, आणि पायाने एकही पेडल दाबावं लागलं नाही. इथे ग्राहक हमखास मान वर करून बघतो.

मग व्हॉक्स एसी30. ईएल84च्या चार व्हॉल्व्ह, 12 इंची दोन स्पीकर. यात वरच्या पट्टीला अशी झळाळी असते की तानपुऱ्याची जवारी नीट लागल्यावर एका तारेतून अनेक स्वर झरावेत. शॅडोज बँडच्या हँक मार्विनने स्ट्रॅट आणि व्हॉक्स ही जोडी ब्रिटनभर पोहोचवली. हीच कॉर्ड इथे वाजवली की तिच्यातल्या तारा सुट्या ऐकू येतात.

तिसरा मार्शल, आणि त्याची गोष्ट आपल्याकडच्यांना पटकन कळेल. अमेरिकन ॲम्प ब्रिटनमध्ये महाग पडत. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. 1962च्या सुमारास त्यांच्या माणसांनी फेंडरचा बासमन हा ॲम्प समोर ठेवून तसाच ॲम्प बांधला. सर्किट जवळपास तेच, पण पहिल्या जागी जास्त वाढ देणारी ईसीसी83 व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर तिथलेच, आणि 10 इंची चार स्पीकरच्या उघड्या पेटीऐवजी मागून बंद पेटीत 12 इंची चार. नक्कल करायला गेले आणि भलताच आवाज हाती लागला. त्याला लेस पॉल लावली की हंबकरचा जोर पहिल्याच व्हॉल्व्हला ढकलतो आणि सूर लांब टिकतो. टेलीकास्टर लावली तर कर्कश वाटू शकते. अशा वेळी टोनचं बटण खाली आणायला लाजू नका.

रिहर्सलच्या खोल्यांत अनेकदा दिसतो तो रोलंडचा जेसी-120, 1975पासूनचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा. त्याला नावं ठेवू नका. स्वच्छ आवाजाला उत्तम. पण तो फाटत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाच चुकीची.

आणि वॅट बघून ॲम्प घेऊ नका. दुप्पट वॅट म्हणजे फक्त 3 डेसिबल जास्त. टू-बीएचकेमध्ये 100 वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प 2वरच राहतो, म्हणजे फाटतच नाही. 5 ते 15 वॅट पुष्कळ झाले.

विजेबद्दल मात्र नीट वाचा. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला जुना ॲम्प बहुधा 120 व्होल्टचा असतो. एकाने तो पिन बदलून थेट आपल्या 230 व्होल्टला लावला होता. आमच्याकडे आला तेव्हा खोका उघडण्याआधीच वास आला. व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि पुरेशा क्षमतेचा हवा. 22 वॅट आवाज देणारा ॲम्प भिंतीतून शंभर वॅटच्या वर ओढू शकतो, म्हणून 300 व्हीएपेक्षा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) कमी आम्ही देत नाही. प्रवासातले हलके कन्व्हर्टर चालत नाहीत. स्टेप-डाउनने व्होल्ट बदलतात, पण अमेरिकेतल्या 60 हर्ट्झऐवजी इथे 50च मिळतात, त्यामुळे ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो. ॲम्प भिंतीला चिकटवून ठेवू नका. ॲम्पच्या मागची पाटी आधी वाचा : ब्रिटिश ॲम्पवर बऱ्याचदा व्होल्टेज निवडायची सोय असते.

जुन्या अमेरिकन ॲम्पला दोनच पिनांची वायर असेल, तर वाजवण्याआधी अर्थिंगसह तीन पिनांची करून घ्या. हात गिटारीच्या तारांवर आणि ओठ माइकवर असताना झटका बसतो तो यामुळेच. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि पेचकस घेऊन स्वतः आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टपर्यंत साठा राहू शकतो.

ऐकायला येताना स्वतःची गिटार आणि रोजची केबल आणा. लांब केबल वरचे सूर खाते, तेही त्याच वेळी कळेल. वरच्या मजल्यावर संध्याकाळी 5 ते 7 शिकवणी असते. त्या वेळेत डिलक्स ऐकवू, मार्शल नाही.