टीईटी वेगळी, टेट वेगळी: "टेट पास झालो" म्हणण्याआधी एवढं वाचा

"दादा, टेट पास झालो, आता झेडपीला ऑर्डर कधी मिळंल?" असा शिक्षक होऊ बघणाऱ्या पोरांचा मेसेज मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतो आणि मी दरवेळी उलटा एकच प्रश्न विचारतो, बाबा कुठली टेट? कारण टेटमध्ये पास-नापास असं काही नसतंच. समोरचा टीईटी पास झालेला असतो आणि तिलाच टेट म्हणत असतो. क्लासच्या फ्लेक्सवर सुद्धा फोटोंखाली "टेट पास विद्यार्थी" छापलेलं बघितलंय मी. शिकवणाऱ्यांनीच असं लिहिलं तर पोरांनी काय समजायचं?

टीईटी बहुतेकांना माहितीय म्हणून पटकन सांगतो. शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन, १५० प्रश्न, १५० मिनिटं. ओपनला ६० टक्के म्हणजे ९० मार्क लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. आपल्याकडं ही २०१३ पासून सुरू आहे. सर्टिफिकेट आधी सात वर्षं चालायचं, आता आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी पास असाल तरी चालतं.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, शिक्षक भरतीचं मेरिट हिच्यावर लागतं. दोन्ही पुण्याची परीक्षा परिषदच घेते, एक कागदावर, दुसरी कॉम्प्युटरवर, हा फरक काय फार मोठा नाही. गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीत, आणि तिथंच पोरांची वर्षं जातात.

टीईटी हा उंबरा आहे. उंबरा ओलांडला की काम झालं. ओपनच्या पोराला ९० पडले काय आणि १२५ पडले काय, भरतीत दोघं सारखेच, कारण टीईटीचे मार्क मेरिटमध्ये धरतच नाहीत. टेटला उंबराच नाही. २०० पैकी जेवढे पडतील तेवढे तुमचे, ८५ वाला पण नापास नाही आणि १४५ वाला पण "पास" नाही. पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवर, जी यादी लागते ती या मार्कांवर, म्हणजे एकेका मार्कानं माणूस आत नाहीतर बाहेर. मग तुमचा प्रवर्ग, विषय, माध्यम आणि तुम्ही लॉक केलेला प्राधान्यक्रम बघून शाळा मिळते. खासगी संस्थेच्या मुलाखतीच्या जागा असतील तिथं मुलाखत आणि शिकवून दाखवायचा पाठ होतो, पण मुलाखतीला बोलावणं सुद्धा टेटच्या मार्कांवरच येतं की ओ. आणि नववी-दहावीला टीईटी लागत नाही, टेट मात्र तिथंही लागते.

माझ्या मावशीच्या मुलीचं सांगतो. मोहोळची, डीएड झालेली, अभ्यासाला एकदम पक्की. नोव्हेंबर २०२४ च्या टीईटीत तिला १२१ पडले. घरी पेढे, मामानं स्टेटसला रिझल्ट टाकला, सगळे म्हणाले पोरगी शिक्षिका झाली. एप्रिल-मे २०२५ मध्ये टेटचे फॉर्म सुटले तेव्हा तिनं भरलाच नाही, कारण तिच्या डोक्यात "मी तर टेट पास आहे". मला कळलं ते जूनमध्ये, परीक्षा होऊन गेल्यावर. ती फोनवर म्हणाली, "दादा, मग माझ्या १२१ चं काय?" मला उत्तर देता येईना. टेट दरवर्षी होत नाही, हे लक्षात ठेवा. पहिली २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. एक फॉर्म चुकला की पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही.

अभ्यास पण वेगळा असतो. टीईटीला बालमानसशास्त्र, भाषा, गणित, परिसर अभ्यास, म्हणजे पुस्तक वाचून जमतं, प्रश्नाला एक मिनिट मिळतं. टेटला २०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. संख्यामालिका, समसंबंध, कूटप्रश्न, आकृत्या, भाषा, गणित, सगळं त्यातच. तिथं वाचून काही होत नाही, मोबाईलवर टायमर लावून रोज सोडवायला लागतं. मी २०२३ च्या टेटवर नोकरीला लागलो, तेव्हा रोज पहाटे पन्नास प्रश्न अर्ध्या तासात संपवायचो, आणि अडला प्रश्न सोडून पुढं जायची सवय लागायलाच मला दोन महिने लागले. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नका. आता मी शिक्षण सेवक आहे, पहिली तीन वर्षं १६ हजार मानधन, तेही माहिती असू द्या, नाहीतर घरचे पहिल्याच महिन्यात पूर्ण पगार धरून बसतात.

आणखी एक. बीएड करून पहिली ते पाचवीचं स्वप्न बघत असाल तर ऑगस्ट २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, तिथं डीएडच लागतं.

आता नवीन गोंधळ नोकरीतल्या गुरुजींचा. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीय त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावंच लागेल. टीईटी! टेट नव्हे. सोलापुरात पूनम गेटसमोर चहा पिताना अक्कलकोट तालुक्यातले एक गुरुजी भेटले, वीसेक वर्षं नोकरी झालेली, पिशवीत नवी पेठेतून घेतलेलं टेटचं जाड पुस्तक. आठ दिवस झाले, रोज रात्री पेन्सिलीनं आकृत्या आणि मालिका सोडवत होते, समासात बारीक अक्षरात बेरजा. म्हणाले, "या वयात हे काय जमंना ओ सर." मी पुस्तक हातातनं घेतलं आणि म्हटलं गुरुजी, ही परीक्षा तुम्हाला द्यायचीच नाहीये. थोडा वेळ ते नुसतं माझ्याकडं बघत राहिले. मग चहा तसाच ठेवून आम्ही दोघं दुकानात गेलो, पेन्सिलीच्या खुणांमुळं दुकानदार ते परत घेईना, पण टीईटीचं पेपर एकचं पुस्तक घेऊन त्यांनी तिथंच उभ्यानं बालमानसशास्त्राचं पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या रोजच्या वर्गातलंच आहे की."