माती बाधत नाही

चैत्रात नाशिकच्या आसपास गावोगावी यात्रा भरतात, कुस्त्यांचे फड रंगतात. पुढच्या आठवड्याभरात एखाद्या पैलवानाच्या गालावर, कानाजवळ किंवा मानेवर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो. त्याआधी तिथे चुणचुण होते, कधी कणकण येते, मानेत गाठ लागते. दोष मातीला दिला जातो. खरा कर्ता असतो नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद, हर्पिस सिम्प्लेक्स. तापानंतर ओठावर फोड आणणारा हाच.

मातीने कातडी खरचटते, एवढाच तिचा वाटा. विषाणू येतो तो समोरच्या मल्लाच्या अंगावरून. डोक्याला डोकं भिडवून धरपकड करताना गाल-कपाळ घासतात, म्हणून फोडही बहुधा तिथेच. 1989 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात एका कुस्ती शिबिरातल्या 175 मुलांपैकी 60 जणांना अशी लागण झाली होती.

सगळ्यात मोठी चूक होते ती मेडिकलच्या काउंटरवर. गजकर्ण समजून मागितलेल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि विषाणू मोकाट पसरतो. गजकर्ण कडेने वाढत जाणाऱ्या गोल चकत्यासारखं दिसतं आणि खाजतं. इथे फोड घोळक्याने येतात आणि ठणकतात. शंका असेल तर ट्यूब लावूच नये. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या डॉक्टरांकडून पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू झाल्या तर खरा उपयोग. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. बुबुळावर व्रण पडला तर नजर अधू होऊ शकते.

पुन्हा हौद्यात कधी उतरायचं? तीन दिवसांत नवा फोड नाही, सगळ्यांवर कोरडी खपली धरलेली, आणि गोळ्यांचे निदान पाच दिवस पूर्ण. नुसती पट्टी बांधून लढणं चालत नाही, घामाने ती सुटतेच. टॉवेल आणि वस्तरा ज्याचा त्याचा वेगळा हवा, हे वस्तादांनीच बघावं.

हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो आणि कडक उन्हाने पुन्हा जागा होतो. त्यामुळे ज्यांना ओठावर वारंवार फोड येतात, अशा नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर धावणाऱ्यांनी आणि लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी एसपीएफ 30चा लिप बाम दर दोन तासांनी लावावा.

धावपटूंच्या तळव्यावरची चामखीळ हे वेगळ्या विषाणूचं काम. तिला भोवरी समजून ब्लेडने कोरतात आणि ती आणखी पसरते. भोवरी सरळ दाबल्यावर दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. वरचा थर घासला की तिच्यात काळे ठिपके दिसतात. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, घासून, फक्त चामखिळीवर सॅलिसिलिक ॲसिड रोज लावावं. बारा आठवडेही लागतात. मधुमेह असेल तर हे घरी करू नये.