धनुष्याचा लिम्ब पिळला आहे की नुसता तिरका बसला आहे?

रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य वाकडे झाले म्हणून दुकानात आले की आम्ही आधी स्ट्रिंगचा लूप पाहतो. बऱ्याचदा तो टोकाच्या खाचेत एका अंगाला सरकलेला असतो, नाहीतर रायझरच्या (मधल्या मुठीच्या भागाच्या) खोबणीत माती अडकून लिम्ब (मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग) तिरका बसलेला असतो. पुसून नीट बसवले की काम झाले. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

घरी तपासायचे तर स्ट्रिंग चढवून धनुष्य दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवे ठेवा, स्ट्रिंग वरच्या बाजूला. एका टोकाशी बसून, एक डोळा मिटून पाहा. स्ट्रिंग दोन्ही लिम्बच्या मधोमध यायला हवी. टोक सपाट आहे पण स्ट्रिंग बाजूला जाते, असे असेल तर दोष जोडणीचा. आयएलएफ रायझरवर (लिम्ब बसवायची प्रमाणित जोडणी) तो अलाइनमेंट करून जातो. टोकच एका कुशीवर कलंडलेले दिसले, तर मात्र पीळ खरा.

हा पीळ बाण मारून सहसा येत नाही, स्ट्रिंग चढवताना येतो. धनुष्य पायात अडकवून, मांडीवर दाबून चढवू नका; दोरीचा स्ट्रिंगर वापरा. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, तिथे धनुष्य भिंतीशी टोकावर उभे करू नका. अथणी-चिकोडीकडच्यांनी उन्हाळ्यात ते बंद गाडीत विसरू नये. (इंडियन राऊंड या स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्याचे गणित वेगळे, ते इथे धरलेले नाही.)

लाकडी गाभा आणि वर फायबरग्लास, अशा लिम्बमधला हलका पीळ निघतो. केस वाळवायच्या ड्रायरने हाताला सोसेल इतकीच ऊब द्यायची, उलट्या बाजूला किंचित जास्त पिळायचे आणि पूर्ण गार होईपर्यंत तसेच धरायचे. मध्येच सोडले तर पीळ परत येतो. हीटगन, शेगडी, उकळते पाणी अजिबात नको. लिम्बचे थर इपॉक्सीने चिकटवलेले असतात, जास्त तापले की सुटतात. कार्बन-फोमच्या लिम्बला तर घरी ऊब देऊच नका. एकदा सरळ केलेला लिम्ब पुन्हा पिळला, तर आम्ही दुसऱ्यांदा दुरुस्तीला घेत नाही, बदलायलाच सांगतो.

थर सुटला असेल, चीर दिसत असेल किंवा खेचताना कटकट आवाज येत असेल, तर स्ट्रिंग लगेच उतरवा. असा लिम्ब फुटला तर तोंडावर येतो. बदलताना जोडीच घ्या. वरचा आणि खालचा लिम्ब कारखान्यातून एकमेकांशी जुळवून येतात. 25 इंची रायझरला शॉर्ट लिम्ब लावले की धनुष्य 66 इंच होते, मीडियमने 68, लाँगने 70. लिम्बवर छापलेले पाउंड (खेचायला लागणारा जोर) 28 इंच खेचीचे असतात, आणि इंचामागे साधारण 2 पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे 26 इंच खेचणाऱ्या मुलाच्या हाती 24 चा लिम्ब 20 च्या आसपासच भरतो. मुलाला पुढे लागेल म्हणून जड लिम्ब मागणारे पालक बरेच. आम्ही तो सहसा देत नाही. नव्या जोडीवर ब्रेस हाइट (मुठीपासून स्ट्रिंगचे अंतर) आणि टिलर (वरच्या आणि खालच्या लिम्बपासून स्ट्रिंगच्या अंतरातला फरक) आम्ही लावून देतो.

येताना रायझर, दोन्ही लिम्ब आणि स्ट्रिंग, सगळेच आणा. निपाणीकडून बसने पार्सल पाठवणार असाल, तर लिम्ब सुटे करून पुठ्ठ्यात बांधा आणि पीळ वरच्याला आहे की खालच्याला, ते वर लिहा. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर मिळेल.