टीबीचा आकडा २०२० मध्ये का घसरला?

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ मध्ये याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं. २०२० मध्ये त्याच तारखेला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदीची घोषणा झाली. योगायोगच, पण टीबीच्या रुग्णांना तो महागात पडला.

त्याआधी नोंदींचा आकडा चढत होता, आणि ते चांगलं लक्षण होतं. २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक झालं आणि ‘निक्षय’ ही ऑनलाइन नोंदवही सुरू झाली. २०१८ पासून उपचार घेणाऱ्याच्या खात्यात पोषणासाठी महिना ५०० रुपये येऊ लागले. खासगी दवाखान्यांत विखुरलेले रुग्ण नोंदीत आले. २०१९ मध्ये नोंदी २४ लाखांवर गेल्या, २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. पाव हिस्सा गायब.

आजार एका वर्षात एवढा घटत नाही. दोन आठवडे खोकला राहिला की थुंकी तपासायची, हा साधा नियम. पण त्या उन्हाळ्यात खोकणारा माणूस आधी कोविडचा संशयित ठरायचा. लोक खोकला दाबून घरात बसले. थुंकीची डबी घेऊन निघावं तर एसटी बंद. आशाताई कोविडच्या सर्वेक्षणावर. टीबीसाठी घेतलेली सीबीनॅट आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रंही कोविडच्या तपासण्यांना जुंपली गेली.

मास्कमुळे संसर्ग काहीसा रोखला गेला असेल, हे मान्य. पण जंतू शिरल्यावर आजार दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. त्याच वर्षीची घसरण मास्कच्या खाती टाकता येत नाही. शिवाय कोंदट खोली आणि दिवसरात्रीचा सहवास टीबीला हवाच असतो, आणि टाळेबंदीत दहा बाय दहाच्या घरांतून दुसरं काय होतं?

जगभरात नव्याने निदान झालेले रुग्ण २०१९ मध्ये ७१ लाख होते, २०२० मध्ये ५८ लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने या घटीतला ४१ टक्के वाटा एकट्या भारताचा. टीबीचे जागतिक मृत्यूही दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले.

२०२२ मध्ये भारतातल्या नोंदी पुन्हा २४ लाखांवर गेल्या, २०२३ मध्ये २५ लाखांच्या पुढे. त्यांत नव्याने आजारी पडलेले किती आणि २०२० ची थकबाकी किती, हे निक्षयच्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.