प्लेटलेटचा आकडा येतो कुठून?

ऑगस्ट लागला की ठाण्यात लोक एकमेकांची तब्येत नाही, प्लेटलेट विचारतात. डेंग्यूत या रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी घसरतात. नौपाड्यापासून कोपरखैरण्यापर्यंत लॅबच्या बाकांवर तापाने फणफणलेली माणसं बसलेली असतात. परवा सोसायटीतल्या काकूंनी दोन कागद माझ्यापुढे धरले. सकाळच्या लॅबमध्ये 92 हजार, संध्याकाळच्या दुसऱ्या लॅबमध्ये 78 हजार. ‘‘तू लॅबवाला ना, मग सांग, यातलं खोटं कोण?’’ दोन्ही खरे असू शकतात, हे काही त्यांना पटेना. ते पटवायचं तर मशीनच्या पोटात शिरावं लागतं, आणि मशीन नव्हतं तेव्हापासून सुरुवात करावी लागते.

आम्ही शिकलो ते चेंबरवर, म्हणजे पेशी मोजायच्या काचेवर. लाल मण्याची पिपेट तांबड्या पेशींसाठी, पांढऱ्या मण्याची पांढऱ्यांसाठी. पांढऱ्या पेशी मोजायच्या तर रबरी नळी तोंडात धरून रक्त 0.5 च्या खुणेपर्यंत ओढायचं, मग द्रावण 11 पर्यंत. (जरा जोर जास्त झाला की रक्त थेट जिभेवर. आज कुणी असं केलं तर नोकरी जाईल.) काचेवर कोरलेल्या चौकोनांपैकी कोपऱ्यातल्या चार मोठ्या चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि 50 ने गुणायचं. रेघेवर बसलेल्या पेशीचं काय? डावी आणि वरची रेघ धरायची, उजवी आणि खालची सोडायची. 160 पेशी भरल्या की रिपोर्टात 8000. म्हणजे एक पेशी नजरेतून सुटली की 50 चा फरक. आणि मोजणारा कितीही चोख असला तरी 160 मोजण्यात नुसत्या योगायोगाने आठ टक्क्यांचं इकडेतिकडे होतंच.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली. 1852 मध्ये जर्मनीत कार्ल फीरोर्ट यांनी रक्तपेशी पहिल्यांदा नीट मोजल्या. पुढे मालासे, गॉवर्स यांनी मोजणीची साधनं सुटसुटीत केली. 1934 मध्ये मोल्डावान यांनी बारीक नळीतून जाणाऱ्या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने मोजायची कल्पना मांडली, पण नळी तुंबायची आणि पेशी हव्या तिथून जायच्या नाहीत.

मग आला तो अमेरिकन इंजिनियर वॉलेस कूल्टर. त्याने प्रकाशाचा नादच सोडला. रक्तपेशीतून वीज सहज वाहत नाही, खारट पाण्यातून वाहते. एका बारीक भोकातून वीज सोडायची आणि त्याच भोकातून पेशी ओढायच्या. पेशी आली की विजेला अडथळा, अडथळा म्हणजे एक ठोका, आणि ठोका जितका उंच तितकी पेशी मोठी. सिगारेटच्या पाकिटाच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने भोक पाडून त्याने हे करून पाहिलं. प्रयोगासाठी आणलेला रंग शिकागोच्या थंडीत गोठला म्हणून त्याने स्वतःचंच रक्त वापरलं, असं सांगतात. भोकाचं पेटंट मिळत नसतं, असं वकिलांनी म्हणे त्याला ऐकवलं होतं. 1953 मध्ये मिळालं. चेंबरवर शे-दीडशे पेशी मोजणारे आम्ही, आणि हे यंत्र काही सेकंदांत हजारो मोजून मोकळं.

पण भोकाला फक्त आकार कळतो. लहान दिसलं की प्लेटलेट, मोठं दिसलं की तांबडी पेशी. आपल्याच जिल्ह्यातल्या उल्हासनगरमध्ये सिंधी वस्ती मोठी आहे आणि त्या समाजात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक जास्त आढळतात. वाहकाच्या तांबड्या पेशी संख्येने भरपूर, पण चणीने लहान. त्यातल्या अगदी बारक्या पेशी आणि तुकडे मशीन बिनदिक्कत प्लेटलेटमध्ये धरतं. पांढऱ्या पेशींतही तेच. न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल हे त्यांचे दोन प्रकार आकाराने जवळपास सारखे, तेव्हा नुसत्या ठोक्यावरून वेगळे ओळखणार कसे?

म्हणून प्रकाश परत आला. या वेळी तयारीनिशी. दुसऱ्या महायुद्धात हवेतले जंतू हेरण्यासाठी गकर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने फोर्ड गाडीचा हेडलॅम्प लावून यंत्र केलं होतं. कणांवरून विखुरलेला उजेड पकडायचं. 1953 मध्ये क्रॉसलंड-टेलर यांनी तुंबणाऱ्या नळीचा प्रश्न सोडवला: पेशींच्या धारेभोवती वेगाने वाहणाऱ्या पाण्याचं आवरण द्यायचं, म्हणजे आतली धार आपोआप बारीक होते आणि पेशी रांगेत एकामागून एक जातात. 1960 मध्ये लेसर आला आणि सगळं जुळून आलं. विखुरणं म्हटलं की आपल्याला रामन आठवतात, पण रामन परिणामात प्रकाशाचा रंग बदलतो. इथे तो बदलत नाही, फक्त दिशा बदलते. सरळ पुढे विखुरलेला प्रकाश पेशीचा आकार सांगतो, बाजूला गेलेला तिच्या पोटातले दाणे.

तांबडी पेशी मात्र अडून बसली. ती दोन्ही बाजूंनी खोलगट चकती. आडवी गेली तर एक उत्तर, उभी गेली तर दुसरं. 1985 च्या टेक्निकॉन कंपनीच्या एच-वन मशीनमधली युक्ती मला आजही भारी वाटते: रसायनाने पेशी गोल करायची, पण आकारमान तेवढंच ठेवायचं. गोळा झाला की गुस्ताफ मी यांचं 1908 चं गणित लागू पडतं. दोन कोनांत विखुरलेला प्रकाश मोजला की पेशी केवढी आणि तिच्यात हिमोग्लोबिन किती दाट, दोन्ही कळतं. मी यांनी ते गणित मांडलं होतं सोन्याच्या कणांचे रंग समजून घेण्यासाठी!

इओसिनोफिलचे दाणे प्रकाशाचं ध्रुवीकरण (त्याच्या लहरींची ठरावीक दिशेतली थरथर) बिघडवतात, म्हणून काही मशीन त्यांना त्यावरूनच टिपतात. गंमत म्हणजे मलेरियाचं काळपट रंगद्रव्यही हेच करतं. 1880 मध्ये लाव्हराँ यांना मलेरियाचा जंतू सापडला तो याच रंगद्रव्याचा माग काढताना. पावसाळ्यात कधी मशीनच्या आलेखावर भलत्याच जागी ठिपके दिसतात आणि स्लाइड लावली की जंतू निघतो. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी शोधतात तीही पाण्याच्या धारेची आणि लेसरचीच पुढची पायरी, फक्त पेशींना आधी चमकणारी लेबलं चिकटवलेली असतात.

आता काकूंचे कागद. एका लॅबचं मशीन भोकाचं, दुसरीचं लेसरचं. मध्ये आठ तास गेलेले आणि डेंग्यू चढता. 14 हजारांच्या फरकात कुणाला खोटं पाडायला जागा नाही.

खरी फसगत वेगळीच असते. काही वर्षांपूर्वी एका आजोबांचा काउंट 18 हजार आला. घरचे प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांना फोन करत सुटलेले आणि आजोबा बाकावर बसून निवांत बिस्किट खात होते. अंगावर रक्तस्रावाचा एक लाल ठिपका नाही. मी लेशमन रंग लावून रक्ताची स्लाइड केली, तर कडेला प्लेटलेटचे पुंजकेच पुंजके. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि अख्खा पुंजका प्लेटलेटच्या हिशेबातूनच बाहेर पडतो. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या बाटलीत नवं सॅम्पल घेतलं, त्यातल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणलं. दोन लाख चार हजार.